मे महिन्यात भरलेला तडा

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आदल्या शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला शिवणवर्गाच्या खोलीतली भिंत फुटली. कोसळली नाही. दाराच्या कमानीशेजारून परातीएवढी खपली सुटली आणि खालच्या मशीनवर आदळली. त्या मशीनवर बसणारी मुलगी नेमकी तेव्हा कटिंगच्या टेबलाशी उभी होती. शेजारच्या मोठ्या हॉलमध्ये बायकांची कानबाईच्या गाण्यांची तालीम चालली होती, त्यांना तर काही कळलंच नाही. मी पोचले तेव्हा गाणं चालू, मशीनवर विटांचा चुरा आणि पोरी भिंतीला टेकून गप्प.

ही भिंत तीनच महिन्यांपूर्वी मी दुरुस्त केली होती. निदान बिलात तसं लिहिलंय.

इमारत म्हणजे तापीकाठच्या एका गावातली जुनी जिन, कापसातून सरकी काढायचा कारखाना. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला तरी लागायचं. 1861 ते 65 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या खान्देशी कापसाला भाव आला. त्यानंतर रेल्वेच्या आजूबाजूने अशा जिना आणि कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेस उभ्या राहत गेल्या, त्यातलीच ही एक. 1972 मध्ये सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली तेव्हा इथे गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत लागायची, असं म्हातारी माणसं सांगतात. मग कधीतरी कुलूप लागलं ते लागलंच. दोन फूट जाडीच्या भिंती, चुन्यातली वीट, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या. फरशी अशी की 170 किलोच्या गाठी एकावर एक रचल्या तरी हूं की चूं करणार नाही. इथे नाच बसवायला परवानगी द्यावी का, असं एका बैठकीत मला गंभीरपणे विचारण्यात आलं होतं.

बंद पडलेल्या जिनेचं कला आणि कौशल्य केंद्र करायचं आमचं काम म्हणजे भिंती रंगवायच्या आणि पंखे लावायचे, असं बाहेरच्यांना वाटतं. आमचे पहिले पंधरा दिवस कैच्यांवरची रुई काढण्यात गेले. वर्षानुवर्षं उडून बसलेली रुई, बोटभर जाडीची, धुळीने काळी पडलेली. ती तशीच ठेवून वेल्डिंगची एक ठिणगी पडली असती तर सगळंच संपलं असतं. त्यानंतर पारव्यांची विष्ठा, एक आग्या मोहोळ आणि मेलेल्या माणसाच्या नावावरचं थकीत वीजबिल. हे सगळं निस्तरल्यावर खोल्या ठरल्या: समोरचा हॉल गाण्या-नाटकाला आणि वहीगायनाच्या (खान्देशी लोकगायनाच्या) पार्टीला, मागचे गाळे शिवण, ठिबकची जोडणी आणि मोटर रिवायंडिंगला. रिवायंडिंगचा आग्रह माझा होता. केळीच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात व्होल्टेज पडलं की पंपाच्या मोटरी धडाधड जळतात, आणि बाग पाण्यावाचून चार दिवस थांबत नाही. हे काम येणारा पोरगा इथे उपाशी राहणार नाही.

आता तड्याकडे येते. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरची भिंत तिच्यासोबत हलते. मे महिन्यात तडा उघडतो, श्रावणात मिटतो. चुन्याची जोडणी मऊ, ती ही ओढाताण सोसते, बारीक भेग स्वतःच बुजवते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकात वाचलेलं आणि मे महिन्यातला सात मिलिमीटरचा तडा यांची गाठ पडली तेव्हा मात्र मी घाबरले. जूनमध्ये पाहणी होती. याच इमारतीला 'धोकादायक, निर्लेखन करावे', म्हणजे पाडून टाका, असा शेरा एकदा पडलेला. तोही मे महिन्यातलाच, तडा सगळ्यात रुंद असतानाचा. पाहायला येणाऱ्याला तडा दिसता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. एस्टिमेटमध्ये सिमेंट ग्राउटिंगचा आयटम होता. चुन्याचा घातला असता तर दर कुठून काढला, हे तीन टेबलांवर समजावत बसावं लागलं असतं.

नाना गवंडी तेव्हा परांचीवरून खाली आले. वय सत्तरीच्या आसपास, शिक्षण चौथी. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जातात आणि गिलावा कुठे पोकळ बोलतो ते न बघता सांगतात.

"ताई, आते भरू नका. पानी पडू द्या. भीत आपेआप मिटी जाई."

मी म्हटलं, "नाना, पाहणी आहे."

"सिमिट टाकशात, मंग तिनी फुगानं कोठे?"

कोपऱ्यावरच्या पन्हळीकडेही त्यांनी बोट दाखवलं. छपराचं सगळं पाणी त्या एकाच कोपऱ्याच्या पायाशी पडतं, आधी ते लांब न्या, म्हणाले. पन्हळ एस्टिमेटमध्ये नव्हती. मी तडा भरून घेतला, सिमेंट-वाळू एकास तीन, वरून घोटून. नानांनी स्वतः भरला नाही, ठेकेदाराच्या पोराने भरला. पाहणी छान झाली. काम नीटनेटकं आहे असं साहेब म्हणाले.

खपली पडली त्या दिवशी पोरींना हॉलमध्ये बसवलं, खोलीला टेकू लावले आणि नानांना निरोप धाडला. सायकल टेकवत त्यांनी पहिलं विचारलं, "कोनले लागनं ते नही ना?" मग छिन्नी घेतली. अर्ध्या तासाने तड्यातून सिमेंटची पट्टी अखंड निघाली: सव्वा हात लांब, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती, दोन्ही अंगांना विटांचे ठसे. तिला ओरखडासुद्धा नव्हता. पावसाने माती फुगली, भिंत मिटायला आली, तर मध्ये ही पाचर. पाचर हटेना म्हणून शेजारची वीट फुटली. मे महिन्यात मी काहीच केलं नसतं तर त्या शुक्रवारी तिथे जेमतेम नख जाईल एवढी भेग असती.

आता ती पन्हळ पायापासून लांब नेली आहे, भिंतीच्या कडेने उतार देऊन फरसबंदी केली आहे, आणि तडा चुना आणि सुरखीत, म्हणजे विटांच्या पुडीत, बसवला आहे. चुन्याची कळी नानांनी आपल्यासमोर भिजवली, घाई करू दिली नाही. महिन्यातून एकदा मी कॅलिपर लावते आणि आकडा पेन्सिलने भिंतीवरच लिहिते, तारखेसकट.

नानांनी गवंडीकामाची बॅच घ्यावी म्हणून मी अर्ज केला. तो परत आला. प्रशिक्षकाला प्रमाणपत्र लागतं. 2015च्या केंद्राच्या कौशल्य योजनेत अनुभवी कारागिराला दाखला द्यायची सोय आहे, मी तीही सुचवली. पण तो दाखला कारागीर असल्याचा. शिकवायचं तर वेगळा कागद, आणि त्याला शिक्षणाची अट. अट करणाऱ्यांचं सगळंच चुकीचं, असं मी म्हणणार नाही. कागद न बघता कोणालाही उभं केलं तर काय होतं, तेही मी पाहिलंय. पण त्या मे महिन्यात कागद माझ्याकडे होता.

बॅच सुरू झाली. प्रशिक्षक डिप्लोमा झालेला चोवीस वर्षांचा मुलगा आहे, चांगला आहे, चुना त्याने आधी कधी कालवलेला नव्हता. नाना मस्टरवर 'कुशल मजूर, 1' म्हणून येतात. वेंधळ्या पोराच्या हातातली थापी काढून घेतात, करून दाखवतात, परत देतात. हजेरी आणि सही त्या मुलाची. घटनेच्या अहवालात मी 'काळ्या मातीची हंगामी हालचाल' हे कारण लिहिलं. खोटं नाही ते. तडा कोणत्या महिन्यात भरला हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, आणि मीही तो वेगळा जोडला नाही.

सिमेंटची पट्टी माझ्या टेबलावर असते, कागद उडू नयेत म्हणून. परवा बॅचमधल्या एका पोराने ती उचलून विचारलं, "मॅडम, हे काय?" नाना दारातच घमेलं घासत होते.

"नमुना आहे," मी म्हटलं.