भरीत, भाकरी आणि दिंडोरीची शेनिन

नाशिकला फेब्रुवारीत दोन दिवस गेले होते. पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एका मोठ्या वायनरीत वीकेंडची गर्दी, धक्काबुक्की, फोटोंसाठी रांग आणि टेस्टिंगला शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन इतकी गारठलेली की वासच येईना, सोबत फ्रीजमधून काढलेले चीजचे कोरडे तुकडे. मला खरंच राग आला. एवढी चांगली वाइन अशी कोण देतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मैत्रिणीच्या ओळखीच्या काकांच्या शेनिन द्राक्षाच्या बागेत पोचलो, दिंडोरी तालुक्यात. स्वेटर घालूनही हुडहुडी भरली होती आणि बायका डोक्याला टॉर्च बांधून घड कापत होत्या, क्रेट भरत होत्या. ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोचला पाहिजे, घड तापला की आंबटपणा आणि वास दोन्ही जातात म्हणे. काकांनी एक मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्राच्या, काचेवर थेंब टाकला, टॉर्चकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "22. आजच काढायचा."

मी एक मणी खाल्ला. आपल्या खायच्या थॉमसन द्राक्षासारखा लांबट नाही, बारीक, गोल, बिया असलेला, आणि गोडीच्या मागून असा आंबट झटका की डोळे मिटले! खायच्या द्राक्षाला जीए हे वाढीचं संजीवक मारून मणी फुगवतात, याला तसलं काही करत नाहीत. ही जात मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची, तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस सरला की गोडी छाटणी, म्हणजे वेल दोनदा छाटायचा आणि पीक एकदाच घ्यायचं, म्हणून घड थंडीत पिकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, हिवाळ्यात रात्री चांगल्याच गार, त्यामुळे गोडी भरली तरी आंबटपणा टिकतो. नाशिकच्या सुला वायनरीने 2000 साली पहिल्यांदा वाइन बाजारात आणली त्यात सॉव्हिन्यो ब्लाँच्या जोडीला शेनिनच होती.

दहाच्या सुमाराला ट्रॅक्टर गेला आणि काकूंनी जेवायला बसवलं. छाटणीच्या वाळलेल्या काड्या त्या चुलीसाठी रचून ठेवतात, त्याच्याच निखाऱ्यावर वांगी भाजलेली. सालं काढून हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल, सोबत बाजरीची गरम भाकरी. मी आदल्या दिवशी घेतलेली किंचित गोडसर शेनिन गाडीतून आणली, विचारूनच उघडली. गाडीत रात्रभर राहिल्याने ती जेमतेम गार होती, आणि आता तिला वास होता! पेरूचा, थोडा मधाचा.

भरिताचा घास तिखटजाळ, तेलकट, धुराचा, त्यावर एक घोट. तिखट खाली बसतं, तेल जिभेवरून धुतलं जातं आणि धूर तेवढा मागे राहतो. जास्त अल्कोहोलची वाइन तिखट आणखी भडकवते, पण हिची उरलेली साखर ते शांत करते. आदल्या दिवसाच्या चीजला हे जमलंच नसतं. तिखट मिसळीलाही हीच काढा, कोथिंबीर वडीला मात्र हिची कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, बहीण.

काका माळकरी. इतकी वर्षं वाइनचं द्राक्ष पिकवतात, पण घोटभरही घेतलेली नाही. मी ग्लास पुढे केला तो फक्त वासासाठी. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, हातांवर काळपट डाग, बराच वेळ नाक खाली. मग म्हणाले, "ताई, तोडणीच्या दिवसात पहिलं ऊन घडावर पडतं ना, तेव्हा बागेत असाच वास येतो."

काकू हात पुसत आल्या आणि त्यांनीही वास घेतला.

परतताना त्यांनी वाळलेल्या काड्यांची एक मोळी गाडीत टाकली. पुण्यात गच्चीवर शेगडीत त्याच काड्यांवर वांगं भाजलं, बाटली वीस मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढून ठेवली. अर्धी मोळी अजून शिल्लक आहे.