16 अँपिअरचा बोर्ड, ओली भिंत आणि पडणारी एमसीबी

शनिवार. नाशिकच्या सिडकोतलं तळमजल्यावरचं घर. स्वयंपाकघरात बाहेरच्या भिंतीवरचा 16 अँपिअरचा सॉकेट. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वर केली की त्याच क्षणी पडते. दहा मिनिटांनी पडली असती तर लोडवर संशय घेतला असता. क्षणात पडते म्हणजे सरळ शॉर्ट: 16 ची सी-कर्व्ह एमसीबी 80 ते 160 अँपिअरला चुंबकाने तुटते, तेवढा करंट मिक्सर ओढत नाही.

मेन बंद, इन्व्हर्टरही बंद. नाशकात बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो आणि मेन पाडल्यावरही त्याच्या वायरी जिवंत राहतात, हे विसरून चालत नाही. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये. मीटर आधी चालू पॉइंटवर लावून पाहायचा, मग बंद लाइनवर.

त्या लाइनवरच्या सगळ्या पिना काढल्या. डीबीत (एमसीबींच्या पेटीत) लाल, म्हणजे फेजची वायर एमसीबीतून आणि काळी न्यूट्रल पट्टीवरून सोडवली. न्यूट्रल पट्टीवरच राहिली तर बाकीच्या लाइनी मापात मिसळतात. लाल-काळी: 0.4 ओहम, म्हणजे दोन्ही कुठेतरी भिडलेल्या. मीटर बीपवर (वायरी भिडलेल्या असेपर्यंत वाजतो) ठेवून एकाला डीबीपाशी उभं केलं आणि सॉकेटच्या प्लेटचे स्क्रू सैल करायला घेतले. डावा स्क्रू तीन आटे फिरताच बीप थांबला.

प्लेटला गरजेपेक्षा लांब स्क्रू लावलेला होता. त्याचं टोक दोन्ही वायरींना बॉक्सच्या पत्र्यावर दाबून बसलेलं. पीव्हीसी सतत दाबाखाली हळूहळू सरकतं, म्हणून असा दोष बसवल्या दिवशी दिसत नाही. लाल इन्सुलेशनवर तांदळाएवढी चीर, आत तांबं काळवंडलेलं. चिकटपट्टी मारून झाकायचं काम नव्हे हे.

रविवार. वायरी मोकळ्या करून 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मापणारं यंत्र) लावला. लाल ते अर्थ 0.3 मेगाओहम, निदान 1 तरी हवा. मीटरवर मात्र हीच वायर निर्दोष दिसत होती, कारण मीटर जेमतेम बॅटरीच्या व्होल्टेजवर मापतो. जुनी वायर ओढली तेव्हा टोकाला पाण्याचे थेंब होते: पाइपच्या खालच्या बेंडमध्ये पावसाचं पाणी साचलेलं.

बुधवार. पाइप तीन दिवस उघडा ठेवून वाळवला. 2.5 चौरस मिमीची लाल, काळी, हिरवी वायर, प्रत्येकी 7 मीटर. टोकं 10 मिमी सोलली, स्क्रू आवळून प्रत्येक वायर ओढून पाहिली. प्लेटला 25 मिमीचे स्क्रू. मेगर: 200 मेगाओहमच्या वर.

घरात आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) नव्हती, 30 मिलिअँपिअरची बसवली. लाल वायर बॉक्सच्या पत्र्याला लागली आणि अर्थिंगचा रोध 5 ओहम असेल तर करंट फक्त 46 अँपिअर. एवढ्यावर 16 ची एमसीबी लगेच पडत नाही, आणि तोवर पत्रा जिवंत राहतो.

बाहेरच्या भिंतीची भेग पाऊस उघडल्यावर बुजवायची आहे. तोवर दर पंधरा दिवसांनी आरसीसीबी बंद करून, वायरी सोडवून मेगर.