पडवळची न्यूरो तपासणी

कुत्र्याला न्यूरोलॉजिस्टकडे न्यायचं म्हटल्यावर घरात सगळ्यांनी एमआरआयचाच धसका घेतला होता. प्रत्यक्षात डॉक्टरांनी बराच वेळ कुठल्याच मशीनचं नाव काढलं नाही. "खाली सोडा, चालू दे त्याला," म्हणाल्या. खाली रबरी मॅट होती. गुळगुळीत फरशीवर धडधाकट कुत्रंही घसरतं, मग पायात जोर नाही की नुसतं घसरतंय, ते कळत नाही.

आमचा पडवळ डॅशहंड आहे (नाव भाचीने ठेवलंय). या जातीत मणक्यांमधली चकती लवकर कडक होते आणि कधीतरी सरकून मज्जारज्जूवर दाबते.

मग त्यांनी एकेक पंजा उलटा करून टेकवला. पुढचे दोन्ही त्याने क्षणात सरळ केले. मागचा डावा मात्र तसाच उलटा, आणि महाशय निवांत माझ्या पर्सचा वास घेतायत! आपला पाय कसा पडलाय याचा निरोपच वर पोचत नव्हता. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. पुढे गुडघ्यावर छोटी हातोडी, पाठीच्या दोन्ही बाजूंनी बारीक चिमटे. कातडी कुठवर थरथरते त्यावरून दुखणं कुठल्या मणक्यांपाशी आहे याचा अंदाज बांधतात.

शेवटी बोटांना जोरात चिमटा. पाय आखडून घेतला की मला वाटलं, चला, संवेदना आहे. पण ते नुसतं प्रतिक्षिप्त असू शकतं, मेंदूला काही न कळताही होतं. पडवळने मान वळवून दात दाखवले तेव्हा कुठे डॉक्टर खूश झाल्या. खोल वेदनाच कळेनाशी झाली, की ऑपरेशनचीही घाई असते आणि तरीही पुन्हा चालण्याची शक्यता साधारण निम्मीच उरते.

एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू नाही. त्यासाठी एमआरआय. पण कुत्रं हलायला नको म्हणून पूर्ण भूल, त्याआधी रक्ततपासणी, उपाशी ठेवणं आणि मोठं बिल. पडवळ लटपटत का होईना चालतोय, म्हणून सध्या औषधं आणि किमान 4 आठवडे कोंडून आराम.

तुम्हीही कुत्र्याला न्यूरोलॉजिस्टकडे नेणार असाल, तर जाताना आधीच्या सगळ्या औषधांचे कागद न्याच. स्टेरॉइड आणि नेहमीची वेदनाशामकं एकत्र चालत नाहीत, त्यामुळे आधी कुठलं इंजेक्शन दिलंय हे डॉक्टरांनी आम्हाला दोनदा विचारलं. कुत्र्याला फिट येत असतील तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात फिट येईलच असं नाही. फिट चालू असताना तोंडात हात घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांवर गेली तर सरळ दवाखाना गाठा.

आम्हाला पुढची तारीख मिळाली आहे. तोवर मागचे पाय ओढायला लागला किंवा शू अडली, तर तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं. सोफा बंद, जिना बंद. पडवळचा याला सक्त विरोध आहे आणि तो शेजाऱ्यांनाही ऐकू जातोय.