कॅरिबूच्या शिकारीला नेमके केव्हा यावे?

अलास्कात राहणाऱ्या मराठी माणसाला इथल्या शिकारीविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक हमखास असतो: कॅरिबूसाठी, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअर हरणासाठी, कोणत्या दिवसांत यावे? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. माझे उत्तर सप्टेंबरचे पहिले दहा दिवस हे आहे. अनेक विभागांत हंगाम ऑगस्टमध्ये किंवा त्याआधीच उघडतो आणि काही ठिकाणी हिवाळ्यातही चालू राहतो, त्यामुळे हे उत्तर अनेकांना फारच काटेकोर वाटते. पण हंगाम खुला असणे वेगळे आणि जनावर शिकारीयोग्य असणे वेगळे, असे मी मानतो. ज्या जनावराचे मांस आपण वर्षभर खाणार, त्याच्या शरीराची अवस्था पाहूनच दिवस ठरवले पाहिजेत.

जुलै महिना कॅरिबूला फार छळतो. डासांचे थवे असतातच, शिवाय त्याच्या अंगावर अंडी घालणाऱ्या आणि नाकपुड्यांत अळ्या सोडणाऱ्या माश्या त्याला स्वस्थ चरू देत नाहीत. त्यांच्यापासून सुटका मिळावी म्हणून कळप वाऱ्याच्या कड्यांवर किंवा उरल्यासुरल्या बर्फाच्या पट्ट्यांवर तासन्‌तास उभे राहतात. ऑगस्टच्या मध्यानंतर रात्री गारठू लागतात, माश्या ओसरतात आणि मग जनावर खऱ्या अर्थाने चरू लागते. विलो नावाच्या झुडपाची पाने, गवत आणि भूछत्रे खाऊन मोठ्या नराच्या पाठीच्या मागच्या भागावर चरबीचा जाड थर चढतो. ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीस त्याच्या शिंगांवरची मखमली कातडी गळते आणि मानेवरची पांढरी आयाळ भरते. आर्क्टिकमधील इनुइट लोक अंगावर घालायच्या कपड्यांसाठी याच सुमारास कातडी मिळवत आले आहेत, कारण तेव्हा केस दाट पण आखूड असतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला अळ्यांनी पाडलेली भोके भरून आलेली असतात. शिकाऱ्याला जे जे हवे असते, ते सारे याच थोड्या दिवसांत एकत्र येते.

हे दिवस लवकर सरतात. सप्टेंबर संपता संपता नर माजावर येऊ लागतात आणि ऑक्टोबरमध्ये माज ऐन भरात असतो. त्या काळात नर चरणे जवळजवळ सोडून देतो, आपापसांत झुंजतो, आणि साठवलेली चरबी काही आठवड्यांत वापरून टाकतो. त्याच्या मांसाला असा उग्र दर्प येतो, की कितीही मसाला घातला तरी तो जात नाही. ही गोष्ट उत्तर अलास्कातील इनुपियाक शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून ऑक्टोबर लागला की ते नर सोडून माद्यांकडे वळतात. भव्य शिंगांच्या मोहापायी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडणारे अनेक पाहुणे मी पाहिले आहेत. शिंगे त्यांना मिळतात, पण ताटात पडते ते काही चांगले नसते, आणि मला ही निवड मनापासून अयोग्य वाटते.

तारीख ठरवली तरी कळप ती पाळतोच असे नाही, ही अडचण मात्र खरी आहे. शरद ऋतूतील स्थलांतराला थंडी आणि हिमवर्षाव चालना देतात. वायव्य अलास्कातील कोबुक नदीकाठी ओनियन पोर्टेज या, कळप नदी ओलांडतात त्या जागी माणसे हजारो वर्षे कॅरिबूची वाट पाहत आली आहेत. अलीकडे थंडी उशिरा पडू लागल्याने त्या नदीवर कळप पूर्वीपेक्षा बरेच उशिरा येतात, आणि तोवर नर माजावर आलेले असतात. त्यातच तिथला पश्चिम आर्क्टिक कळप २००३ मधील ४ लाख ९० हजारांवरून २०२३ मध्ये सुमारे १ लाख ५२ हजारांवर आला आहे. तिथल्या गावांचे अन्नच या कळपावर अवलंबून आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याने तिकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. जुनी रीतही लक्षात ठेवावी: पुढे चालणाऱ्या कॅरिबूंना जाऊ द्यायचे, कारण मागचा कळप त्यांच्याच वाटेने येतो.

मी पाहुण्यांना बहुधा ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेची, डाल्टन महामार्गाच्या बाजूची दिशा दाखवतो. युकॉन नदीच्या उत्तरेस या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ५ मैलांपर्यंत बंदुकीने शिकार करता येत नाही. त्या पट्ट्यात धनुष्यबाण चालतो, पण बंदूक वापरायची तर तेवढे अंतर पायी तुडवावे लागते. दलदल आणि पायाखाली डुलणारे गवताचे गड्डे यांमुळे हे ५ मैल फार मोठे होतात. पूर्ण वाढलेला नर १६० ते १८० किलोंचा असतो, आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा अलास्कात गंभीर गुन्हा आहे. मांस बाहेर आणण्याआधी शिंगेही आणता येत नाहीत. म्हणजे अनेक फेऱ्या आल्या आणि तोवर उरलेले मांस उघड्यावर, पण कोरडे आणि थंड राहिले पाहिजे. ऑगस्टच्या उबदार दुपारी माश्या त्यावर बसतात आणि हाडालगतचे मांस बिघडू शकते, तर सप्टेंबरच्या आरंभी रात्री पारा शून्याजवळ उतरतो आणि कापडी पिशवीत टांगलेले मांस सुकत, मुरत राहते. दिवसही तेव्हा पुरेसा मोठा असतो.

हे दिवस बहुधा श्रावण-भाद्रपदात येतात, म्हणून आमच्याकडे मांस आधी फ्रीझरमध्ये जाते आणि अनंत चतुर्दशीनंतरच शिजते. त्याने चवीत काही उणे होत नाही.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. अलास्काचे रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला इथे मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी परवानाधारक मार्गदर्शक घ्यावाच लागतो. चांगल्या मार्गदर्शकांचा सप्टेंबरचा पहिला आठवडा फार आधी भरतो, तेव्हा पत्रव्यवहार निदान वर्षभर आधी सुरू करावा आणि त्या भागातला हंगाम खुला असल्याची खात्री राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडून करून घ्यावी, कारण कोटा भरला की तो अचानक बंद होतो. विमानाने जाणार असाल तर धुक्यासाठी दोन्हीकडे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. मार्गदर्शकाकडे ऑगस्टचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा एवढेच उरले असतील, तर ऑगस्टचा घ्या.