सोसायटीत सोलरचा विषय काढायचा तर आधी बारा बिलं मागा

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, कुठल्याही सोसायटीत सोलरबद्दल बोलायला गेलेला कार्यकर्ता हवामान बदलापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या मिनिटाला खजिनदार मोबाइल बघायला लागतात. त्यांचा प्रश्न एकच असतो: लिफ्ट आणि पंपाचं बिल किती उतरणार? त्याचं उत्तर त्यांच्याच बिलात असतं. म्हणून सामाईक मीटरची मागच्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं आधी मागून घ्यावीत. एका महिन्याच्या बिलावर अंदाज बांधू नये. मे महिन्यात टँकर येतात, पंप कमी-जास्त चालतो, आकडा फसवतो.

बिलावर दोन गोष्टी बघायच्या, युनिट आणि मंजूर भार (त्या मीटरला महावितरणने मंजूर केलेली किलोवॉटची मर्यादा). समजा महिन्याला सरासरी ९०० युनिट, म्हणजे वर्षाला १०,८००. नाशकात एक किलोवॉटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला ४ युनिट धरली, तर साडेसात किलोवॉट पुरतात. ५४० वॉटची १४ पॅनल, जागा साधारण ७५० चौरस फूट. मंजूर भार त्याहून कमी असेल तर तो वाढवून घ्यावा लागतो, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकावं. दोन विंगना दोन सामाईक मीटर असतील तर आणखी सावध. ए विंगच्या मीटरला जोडलेलं सोलर बी विंगचं बिल कमी करत नाही.

गरजेपेक्षा मोठं बसवा असा आग्रह कोणीतरी धरतंच. उन्हाळ्यातले जादा युनिट महावितरणकडे जातात आणि पावसाळ्याच्या बिलात वळते होतात, पण ३१ मार्चला उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. बिल शून्य होईल असंही कोणाला सांगू नये, स्थिर आकार राहतोच.

मग गच्ची. इथे घाई करणाऱ्यांचंच पुढे नाव खराब होतं. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण तेवढाच. खरी मोजणी डिसेंबरची करायची. २१ डिसेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास सावली वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ १.९ पट लांब, वायव्येकडे पडते, दुपारी साडेतीनला तेवढीच ईशान्येकडे. पॅनलच्या पातळीपेक्षा दहा फूट उंच असलेली पाण्याची टाकी म्हणजे एकोणीस फुटांची सावली. मे महिन्यात गच्ची बघून गेलेल्या माणसाला ती दिसतच नाही. पॅनल माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात, एका डिश अँटेनाची सावलीही त्या माळेचं उत्पादन खाली ओढते.

कंत्राटदाराला हमखास विचारायचा एक प्रश्न: एका माळेत किती पॅनल? थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो. २५ अंशाला सुमारे ५० व्होल्ट देणारं पॅनल ८ अंशाला ५२च्या पुढे जातं. २० पॅनलची माळ कमाल १००० व्होल्टच्या इन्व्हर्टरला (पॅनलची डीसी वीज आपल्या वापरातल्या एसी विजेत बदलणारं यंत्र) कागदावर जेमतेम बसते आणि जानेवारीच्या पहाटे, निफाडकडून गारठा आला की, मर्यादा ओलांडते. उत्तर द्यायला कंत्राटदार अडखळला तर दुसरं कोटेशन घ्या. तीन घ्यावीतच. आणि आपण कुणाचंही नाव सुचवू नये. एकदा ‘याला कमिशन असेल’ अशी कुजबुज सुरू झाली की पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही.

सर्वांत कडवा विरोध वरच्या मजल्याचा असतो, आणि तो रास्त असतो. गच्चीला भोक पाडलं की गळती त्यांच्या घरात. स्लॅब न टोचता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करता येतं, मात्र स्लॅबला ते वजन पेलतं का आणि वाऱ्याला ते टिकतं का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावं. वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर आधी ते. दुसरी तक्रार कुरडया-पापडांची. हसण्यावारी नेऊ नका, एक कोपरा नकाशावर आखूनच दाखवा.

‘लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल ना?’ नाही. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःच बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून झटका बसेल. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या लोडशेडिंगला भांडण ठरलेलं.

पैशाचं थोडक्यात: पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, साडेसातला १ लाख ३५ हजार. पॅनल भारतीय बनावटीच्या सेलची हवीत, आणि रक्कम काम पूर्ण झाल्यावर खात्यात येते, म्हणजे सगळा खर्च आधी उभा करायचा. सिंकिंग फंडाकडे बोट दाखवलं जातं, पण तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा पैसा आहे. वार्षिक सभेच्या नोटिशीतच विषय यायला हवा. ऐनवेळी मांडलेला ठराव पुढे कोणीही अडवतो. ठरावात क्षमता, खर्चाची कमाल मर्यादा, निधी आणि सह्या करणाऱ्यांची पदं, एवढं हवं.

बसवल्यावर अर्थिंगचे खड्डे मोजा: आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा, पॅनलकडच्या डीसी बाजूचा आणि इन्व्हर्टरपुढच्या एसी बाजूचा, तीन वेगळे. पॅनल सकाळी लवकर धुवावीत, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग धरतं, ते पुसून काढावं लागतं. कबुतरं पॅनलखाली घरटी करतात, जाळी पहिल्याच महिन्यात लावा. आणि दर १ तारखेला इन्व्हर्टरच्या रीडिंगचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं काम वॉचमनकडे नाही, सेक्रेटरींकडे द्या.