बुकिंग एकाचं, राहणारे दुसरेच

सासूबाई गेल्यानंतर भोईवाड्यातला आमचा फ्लॅट रिकामा पडला. जुन्या चाळीच्या पुनर्विकासात मिळालेली वन बीएचके जागा. टाटा हॉस्पिटल आणि केईएम दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही राहतो मुलुंडला. गणपतीत आणि दिवाळीत ती जागा आम्हालाही लागते, म्हणून अकरा महिन्यांचा भाडेकरू न ठेवता चार-आठ दिवसांसाठी पाहुण्यांना द्यायची असं ठरलं. या भागात पाहुण्यांना तोटा नाही. डोकेदुखी असते ती आपल्या घरात नक्की कोण झोपलंय हे कळण्याची.

लिव्ह अँड लायसन्सचं बरं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणीत दोघांचे फोटो, अंगठे, पत्ते सगळं सरकारदरबारी जातं. तीन रात्रींच्या पाहुण्यासाठी असं काहीच होत नाही. बुकिंगच्या साइटवर त्याच्या नावापुढे ‘ओळख पडताळली’ अशी खूण असते, बस्स. ती खूण किती पाणी धरते हे पुढे कळलंच.

सुरुवात सोसायटीपासून केली. सेक्रेटरीकाकांचं पहिलं वाक्य, ‘वहिनी, हे हॉटेल नाही.’ आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, जागा भाड्यानं देताना सोसायटीला कळवावं लागतं, परवानगीसाठी अडून राहायचं कारण नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते रीतसर भाडेकरूबद्दल. रोज नवा माणूस लिफ्टमध्ये दिसणार म्हटल्यावर शेजाऱ्यांनी विचारायलाच हवं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं. म्हणून वाद न घालता कमिटीपुढे बसले. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते, आधी ‘दुप्पट मेंटेनन्स’ असं सांगितलं गेलं. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही हा २००१ चा सरकारी आदेश छापून नेला, तेव्हा तो विषय मिटला. उरलेली चर्चा मात्र लांबली. एकांनी सुचवलं, ‘फक्त फॅमिली घ्या, आणि आडनाव बघून घ्या.’ मी सरळ नाही म्हटलं. आडनावावरून बेसिन फोडणारा ओळखता येत नाही. शेवटी ठरलं ते असं: पाहुण्यांची नावं आणि संख्या आदल्या दिवशी गेटवर द्यायची, रात्री दहानंतर बाहेरचं कुणी वर जाणार नाही, आणि तक्रार आली तर कुणाला फोन करायचा ते नाव लिखित द्यायचं. ते नाव अर्थात माझं.

मग पोलीस चौकी. मुंबईत भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश निघत असतात. पूर्वी ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. अशा आदेशाची मुदत दोन महिन्यांची असते, म्हणून ते पुन्हा पुन्हा काढले जातात. मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा. माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते, चौकीत जायलाच हवं असं नाही. तरी मी गेले, कारण फॉर्म भाडेकरूचा आणि माझ्याकडे येणार पाहुणे. तिथल्या हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, रजिस्टर ठेवा. नाव, मोबाईल, कुठून आला, कधी गेला. आम्ही विचारायला आलो तर पाच मिनिटांत दाखवता आलं पाहिजे.’ जास्त दिवस राहणाऱ्यांचा ऑनलाइन फॉर्म मी भरतेच. पण सगळ्यात कामाचं वाक्य ते ‘पाच मिनिटांत’ होतं. माझं सगळं रजिस्टर त्यावर बेतलंय.

परदेशी पाहुण्यांचं प्रकरण वेगळं, आणि इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यायची. सगळे त्याला सी-फॉर्मच म्हणतात. हॉटेल, धर्मशाळा, होस्टेल यांच्याबरोबर खाजगी घरंही त्यात येतात. १ सप्टेंबर २०२५ ला १९४६ चा जुना कायदा जाऊन आप्रवासन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला, तरी २४ तासांची अट कायम आहे. आधी आपल्या जागेची नोंदणी करून लॉगिन मिळवावं लागतं. ते पाहुणा येण्याआधीच करून ठेवा. पाहुणा दारात उभा आणि आपण मंजुरीची वाट बघतोय, असं होऊ नये. फॉर्ममध्ये पासपोर्ट, व्हिसा, भारतात कधी उतरला, आधी कुठे होता, पुढे कुठे जाणार, असे प्रश्न असतात. पासपोर्ट हातात असेल तर सोपं आहे.

माझा पहिला सी-फॉर्म मात्र भरला गेला अस्सल दादरकर बाईंचा. न्यू जर्सीत आयुष्य गेलेलं, भाचीच्या लग्नाला आलेल्या, हातात अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. पासपोर्टचा फोटो मागितला तर म्हणाल्या, ‘अगं, मी बालमोहनची विद्यार्थिनी. मी परदेशी कशी?’ ओसीआय कार्डानं नागरिकत्व येत नाही. त्यांना स्वतःला नोंदणीसाठी कुठे जावं लागत नाही, पण ज्यानं घरात ठेवलं त्यानं कळवायचं असतं. हे समजावताना चहा दोनदा झाला. शेवटी त्यांनी पासपोर्ट दिला, वर ‘तुमच्या फॉर्ममध्ये जन्मगाव दादर लिहा हं’ अशी ताकीदही.

आता ज्या बुकिंगमुळे माझी पद्धत बदलली ते सांगते. चार जण, दोन रात्री, शनिवार-रविवार. कारण लिहिलं होतं, ‘काका केईएममध्ये ॲडमिट आहेत.’ बुकिंग करणाऱ्याच्या नावापुढे पडताळणीची खूण होती. शनिवारी रात्री खालच्या मजल्यावरच्या मावशींचा फोन आला, ‘तुझ्या घरी वरात आहे का गं?’ गेटवर चौघांची नावं होती, बाकीचे दोन-दोन करून दुसऱ्या मजल्यांची नावं सांगत वर गेले होते. मुलुंडहून टॅक्सीनं पोहोचले तोवर वाढदिवस संपलेला, बेसिन भिंतीपासून सुटलेलं आणि पाणी पॅसेजमध्ये. ज्याच्या नावावर बुकिंग होतं तो मुलगा तिथे नव्हताच. तो पुण्यात होता. त्यानं मित्रासाठी बुकिंग केलं होतं, आणि त्या मित्राला तिथले निम्मे लोक ओळखत नव्हते.

भरपाईचा दावा हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. आमच्या साइटवर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांची मुदत होती. आधी पाहुण्याकडे पैसे मागायचे, त्यानं नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही की साइटकडे जायचं. कामी आल्या त्या तीन गोष्टी: पाहुणा येण्याच्या दिवशी सकाळी मावशींनी काढलेले तारखेचे फोटो, प्लंबरचं जीएसटीचं छापील बिल, आणि साइटच्याच चॅटमध्ये आधी लिहून घेतलेलं ‘चौघांहून जास्त नाही’ हे वाक्य. व्हॉट्सॲपवरचं बोलणं त्यांनी बाजूला ठेवलं. शेजाऱ्यांचा मनस्ताप कुठल्याच रकान्यात बसला नाही. बेसिन जुनं म्हणून घसारा कापून उरलेले पैसे आले. मी त्या मुलाचं खरं नाव-पत्ता मागितला, तर उत्तर आलं की पोलिसांचं लेखी पत्र आल्याशिवाय देता येणार नाही. चिडले होते, पण त्यात त्यांचंही बरोबर होतं. माझी माहिती कुणी मागितली तर त्यांनी अशीच अडवावी असंच मला वाटेल.

म्हणजे त्या खुणेचा अर्थ एवढाच, की कुणीतरी कधीतरी साइटला एक कार्ड दाखवलंय. किल्ली कुणाच्या हातात जाते, हे तिला माहीत नसतं.

तेव्हापासून बुकिंग पक्कं करण्याआधी मी फोन करते. जो राहणार त्याच्याशीच बोलते, करणाऱ्याशी नाही. कुठून येताय, कोण कोण, कशासाठी, कधी पोहोचाल. हॉस्पिटलचं काम असेल तर माणूस आपणहून वॉर्डचं, तपासणीचं, डॉक्टरांच्या वेळेचं बोलतो. नसेल तर तो ‘हो हो, हॉस्पिटलच’ एवढ्यावर थांबतो. या फोननं जितकं कळतं तितकं कुठल्याही झेरॉक्सनं कळलेलं नाही. प्रत्येक प्रौढाचं नाव रजिस्टरमध्ये येतं. त्यातला एक जबाबदार म्हणून सही करतो, आणि अनामत त्याच्याच यूपीआयवरून घेते. जाताना त्याच खात्यावर परत. दुसऱ्याच्या खात्यातून अनामत येऊ लागली की मी पुन्हा फोन करते.

आधारची झेरॉक्स घेणं मी बंद केलं. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपनं स्कॅन केला की खरं नाव आणि फोटो समोर येतो. छापील कार्डावर फोटो बदललेला असेल तर तिथेच कळतं. नोंदीसाठी शेवटचे चार आकडे पुरतात, मास्क्ड आधारवरही तेवढेच असतात. मतदार कार्ड किंवा लायसन्सही चालतं. शंभर अनोळखी माणसांची कार्डं आपल्या मोबाईलच्या गॅलरीत, मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये पडून राहणं मला पटत नाही. मोबाईल हरवला तर त्या लोकांना मी काय सांगू?

टाटाच्या पेशंटबरोबर हा काटेकोरपणा जरा सैल करावा लागतो. झारखंडहून एक कुटुंब आलं होतं. आजोबांचा कार्डावरचा फोटो दाट मिशांचा, समोरचा माणूस केमोनं पार बदललेला. मुलगा बिचारा एकामागून एक कागद काढून दाखवत होता. हॉस्पिटलच्या फाइलवरचं नाव आणि वय कार्डाशी जुळलं, तेवढं मला पुरलं. ते राहिले तेवढे दिवस मावशी त्यांना मऊ भात पाठवत होत्या. नियम पार्टीवाल्यांसाठी केला आणि त्याचा त्रास अशा माणसांना झाला, तर नियम करणाऱ्यानं लाजावं.

सोसायटीशी अजून एक भांडण चालू आहे. कमिटीतल्या काहींना पाहुण्यांच्या कार्डांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवेत, ‘सगळ्यांना कळलेलं बरं.’ मी नावं आणि संख्या देते, फोटो देत नाही. पॅसेजमधल्या कॅमेऱ्याला माझी हरकत नाही, त्याचा निम्मा खर्चही दिला. दाराच्या आत मात्र कॅमेरा नाही. हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे.

दरम्यान दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांनीही त्यांची जागा पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांची सही घेते तो माझा फॉर्म मागून घेतला, वर आपलं नाव टाकलं, मराठी-हिंदी दोन्ही प्रती छापल्या. खालचा ‘तक्रारीसाठी संपर्क’ हा नंबर बदलायचा राहून गेला. त्यांच्या पाहुण्यांचा गीझर चालत नाही, हे मला मुलुंडला बसून कळलं.