आमची वाटचाल : गॅरेजखालची माती

नागपुरात माती तपासणारे पुष्कळ, आम्ही त्यातलेच एक होतो. तिपाई उभी करा, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून सोडा, ठोके मोजा, ठोक्यांचा तो आकडा, म्हणजे मातीच्या ताकदीची एन-व्हॅल्यू, लिहा, रिपोर्ट आर्किटेक्टच्या हातात द्या. वर काळी माती, मग मुरूम, मग बेसाल्ट. कामठीच्या बाजूला वालुकाश्म. पोटापाण्यापुरतं चाललं होतं. त्या वर्षांचं एवढंच.

गाडीने रूळ बदलला तो नागपूरजवळच्या वाडीच्या शेठजींमुळे. ट्रकांचं जुनं गॅरेज त्यांना फ्लॅट स्कीमला विकायचं होतं आणि घेणाऱ्याने मातीत पेट्रोल-डिझेल मुरलंय का याचा रिपोर्ट मागितला. त्यांच्या गोदामाचा पाया आम्ही तपासला होता, म्हणून फोन आम्हालाच. “भाऊ, माती तं मातीच असते न? पाहून घ्या.”

नसते, शेठजी. पायासाठी मातीची ताकद पाहायची. इथे तेल कुठे सांडलं आणि कुठवर गेलं याचा माग काढायचा.

आमचे मिस्त्री बोअर घेण्याआधी जागेभर नुसते फिरले. मागच्या भिंतीलगत कापलेला एक पाइप वर आला होता. “साहेब, हा व्हेंट आहे, टाकीतली वाफ सोडायचा. खाली टाकी असन, पाहा.” शेठजींनाही माहीत नव्हतं, टाकी वडिलांच्या काळातली. मग टाकीच्या भरण्याच्या तोंडाशी, सर्व्हिस पिटखाली, काळ्या ऑइलचे ड्रम ठेवायच्या कोपऱ्यात आणि धुलाईच्या रॅम्पचं पाणी मुरायचं तिथे बोअर घेतले. एक गेटजवळ, तिथली न बिघडलेली माती कशी ते कळावं म्हणून. टाकीजवळच्या काळ्या मातीचं ढेकूळ मिस्त्रींनी फोडलं. आतून नेहमीसारखं काळं, पण भेगेची बाजू हिरवट-राखाडी, आणि डिझेलचा भपकारा. उन्हाळ्यात जमीन फाटते, त्या भेगांतून तेल थेट मुरमापर्यंत उतरलं होतं. ढेकळाच्या पोटातली माती लॅबला पाठवली असती तर रिपोर्ट बिनबोभाट साफ आला असता.

त्या कामानंतर कर्ज काढून पीआयडी घेतलं, मातीतून उडणारी तेलाची वाफ मोजणारं मशीन. काचेची बरणी अर्धी मातीने भरायची, तोंडाला फॉइल लावून झाकण घट्ट करायचं, थोडं थांबायचं आणि झाकण काढून फॉइलमधून नळी खुपसायची. आकडा चढतो ते बघताना मला अजून मजा वाटते. नवीन पोरांना एवढंच सांगतो, मशीन शून्य दाखवतं म्हणून माती साफ नसते. पेट्रोल ते चटकन पकडतं, जुनं डिझेल अर्धवट, इंजिन ऑइल जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात दमटपणामुळे आकडा आणखी पडतो. ऑगर, म्हणजे बोअर घ्यायचा बरमा, प्रत्येक बोअरनंतर धुवा, नाहीतर एका खड्ड्याचं पाप दुसऱ्याच्या माथी. आणि पेट्रोलमधलं बेंझिन चटकन उडतं, त्याच्या तपासणीची माती तिथल्या तिथे मेथॅनॉलच्या छोट्या बाटलीत टाकून बर्फाच्या पेटीत ठेवा.

हे सगळं न करणारा एक जण बाजारात आला. नाव घेत नाही, या धंद्यातले ओळखतील. जागेच्या चार कोपऱ्यांतून वरवरची माती उचलायची, एका पॉलिथिनच्या पिशवीत कालवायची, दुपारभर गाडीत तापवायची आणि लॅबला एकच सॅम्पल. अरे, पिशवीचा वास येतोय म्हणजे सॅम्पल उडून चाललंय! उरलेलं डिझेल चांगल्या मातीत मिसळून पातळ. रिपोर्ट साफ, दर आमच्या निम्मा, टेंडरला कायम एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला. त्यातच एका वाहतूक कंपनीच्या जुन्या वर्कशॉपखाली आम्हाला डिझेल सापडलं. “रिपोर्ट जरा नीट करा,” म्हणाले. केला नाही, तर बिल अडकवलं. पीआयडीचे हप्ते थकले, ड्रिलिंग मशीन विकावी लागली, दोन पोरं सोडून गेली. मिस्त्री म्हणाले, “मशीन गेली तं गेली, हात तं हायेत न!” आणि हाताच्या ऑगरने काळ्या मातीत बोअर घेत राहिले. मुरूम लागला की ऑगर अडायचा, मग सब्बल. त्या काळात काम दिलं ते फक्त शेठजींनी, आणि बिलातला एक रुपया कापला नाही.

पुढे त्या निम्म्या दरवाल्याने साफ ठरवलेल्या एका जागेवर बेसमेंटचं खोदकाम सुरू झालं. पाऊस पडला, खड्ड्यात पाणी साचलं आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग. बिल्डर धावत आमच्याकडे आला. आम्ही दर कमी केला नाही.

तो निम्म्या दरवाला अजून धंद्यात आहे, गाडीही नवी आहे. हल्ली रिपोर्टात मातीतल्या तेलासाठीच्या डच (नेदरलँड्सच्या) मर्यादेचा ५००० मिलिग्रॅम प्रति किलोचा आकडा जसाच्या तसा छापतो. तो आकडा १० टक्के सेंद्रिय अंश धरलेल्या मातीसाठी. अंश कमी तर मर्यादाही खाली, आणि आपल्या मुरमात तेवढा अंश कुठून येणार? आता केंद्राने २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, तेव्हा ज्यांच्या जुन्या गॅरेजच्या जागा आहेत त्यांनी काळं ऑइल कुठे जायचं ते जुन्या मेकॅनिकला आजच विचारून ठेवावं.

शेठजींनी बुटीबोरीचा प्लॉट ट्रकवाल्याला भाड्याने देण्याआधी आमच्याकडून माती तपासून घेतली. रिपोर्ट करारनाम्याला जोडलाय, उद्या भाडेकरू काही सांडून गेला तर भांडायला कागद हवा. मिस्त्रींच्या हाताखाली आता नवी मशीन आहे.

वाहतूक कंपनीकडून बिलाचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत. दर मार्चमध्ये स्मरणपत्र पाठवतो.